गुलाबाच्या काड्या वरून काळ्या पडतायत? आधी साल खरवडून बघा

पावसाळा सरताना किंवा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर गुलाबाची एखादी काडी शेंड्याकडून काळी पडते, मग ते काळं खाली खाली सरकत येतं आणि आपण घाबरून पाणी वाढवतो, वर मूठभर खतही टाकतो. प्लीज असं करू नका. हा डायबॅक, म्हणजे शेंडेमर, बुरशीचा रोग आहे, छाटलेल्या जागेतून आत शिरतो आणि थकलेलं झाड आधी धरतो, त्याला खत पेलवत नाही.

पण काहीही तपकिरी दिसलं की डायबॅकच असं नाही हं. फक्त पानांच्या कडा करपल्या असतील तर बोअरचं खारं पाणी, जास्त झालेलं खत नाहीतर कडक ऊन. माती ओली असून सगळं झाड मान टाकतंय तर मुळं सडतायत, कुंडीचं भोक बुजलंय का बघा. काडीवर बारीक खवले चिकटलेत तर ती खवले कीड, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

आता काडी. नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं ओलं असेल तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर तेवढी मेली. असं खरवडत खाली या, हिरवं लागलं की तिथून अजून दोन इंच खाली, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या बारीक उंचवट्याच्या) पाव इंच वर तिरका काप घ्या. कापल्यावर मधला गाभा बघायचाच, तो पांढरट हवा, तपकिरी असेल तर अजून खाली कापा, इथे जीव तुटतो पण अर्धवट कापलं तर रोग आतच राहतो. दर कापानंतर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसा. कापलेल्या काड्या कंपोस्टमध्ये अजिबात नको. आणि काळं कलमाच्या डोळ्याच्या, म्हणजे कलम जोडलेल्या जागेच्या, खाली गेलं असेल तर खालून फुटेल तो जंगली खुंट, तुमचा गुलाब नाही.

कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून गार करा, मग दोन्ही एकत्र करा, भांडी प्लॅस्टिकचीच, हातात ग्लोव्हज. लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरून टाका. उरलेल्या झाडावर लिटरला 2.5 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक फवारा, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.

नंतर पाणी सकाळी, बुंध्याशी, तेही वरची माती सुकल्यावरच. खत मात्र नवी लाल फूट दिसून तिची पानं उघडल्यावर द्या, तेही अर्धंच.