गडद रंगाची चौकट आणि ब्रशच्या रेघा

रंगकामात नवीन आलेल्या पोरांच्या हाती मी बाहेरच्या चौकटी लगेच देत नाही. काळा, गडद निळा, चॉकलेटी असला तर नाहीच. पांढऱ्यात खपून जाणारी रेघ गडद रंगात तिरपं ऊन पडलं की लांबून दिसते.

दोष बहुतेक वेळा ब्रशला दिला जातो, पण खरी अडचण वेळेची असते. ब्रश फिरला की रंगात बारीक सऱ्या पडणारच. रंग ओला असेपर्यंत त्या आपोआप भरतात. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग मुळात भराभर सुकतात, त्यात गडद रंग ऊन जास्त शोषून तापतो, आणि सऱ्या तशाच वाळतात.

म्हणून सावलीच्या मागे फिरत काम करायचं. लाकडाला हात लावून बघा. गरम लागलं तर थांबा. जोराचा वाराही तेवढाच वाईट. संध्याकाळी फार उशीर केला आणि दव पडलं, तर चकाकी जाते.

जुन्या रंगातल्या रेघा रंगाच्या नव्या हाताखाली लपत नाहीत, त्या आधी घासून काढा, शेवटी 220 नंबरचा पॉलिश पेपर. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासू नका. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळाचा थर, पांढऱ्याऐवजी राखाडी घ्या. खालून पांढरं दिसू लागलं की माणूस रंग जाड थापतो, आणि रेघांची सुरुवात तिथेच होते. दोन-तीन पातळ हात केव्हाही बरे.

पाण्याच्या रंगाला नायलॉन-पॉलिएस्टरचा ब्रश लागतो. नैसर्गिक केस पाणी पिऊन मऊ पडतात. रंग गाळून घ्या. पाणी वाढवत बसू नका, त्याने झाकण्याची ताकद जाते. त्यापेक्षा सुकणं लांबवणारं द्रव्य मिळतं, ते डब्यावर लिहिलेल्या मापाने घाला.

आता हात कसा फिरवायचा ते. थोड्या भागावर रंग भरपूर लावा, पसरवा, आणि लगेच ब्रश जवळजवळ आडवा धरून, अजिबात न दाबता, लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकच लांब फेर घ्या. नव्या भागाकडून आधीच्या ओल्या रंगाकडे या आणि ब्रश अलगद उचला. मग तिथे परत जायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण राहिलेला ठिपका डोळ्यांत खुपतो. पण सुकू लागलेल्या रंगावर ब्रश नेला की रंग ओढला जातो. ठिपका, ओघळ पूर्ण वाळू द्या, घासा, पुढच्या हातात झाका.

फळी रुंद असेल तर छोट्या फोम रोलरने रंग लावून वरून ब्रश फिरवा. दाराचे आधी दिले, म्हणजे पट्ट्यांमध्ये बसवलेल्या फळ्या, रंगवा, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. मध्येच थांबू नका, सांध्यावर थांबा. नंतर कुठे डाग दुरुस्त करायचा झाला तरी तेवढ्यापुरता ठिगळ मारू नका, गडद रंगात ते उठून दिसतं. सांध्यापासून सांध्यापर्यंतची पूर्ण पट्टी पुन्हा रंगवा.