जुनी एमएक्स-५ घ्यावी की नवी? माझ्या दोन गाड्यांचा अनुभव

इंग्लंडात आल्यावर दोन-तीन वर्षांनी आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना एक किडा चावतो. नोकरीत बूड टेकलेलं असतं, भारतातल्या लायसन्सवर मिळणारे बारा महिने संपवून इथली परीक्षाही दिलेली असते, आणि एखाद्या उन्हाच्या रविवारी शेजारून टप उघडलेली छोटीशी गाडी जाते. बहुतेक वेळा ती माझदा एमएक्स-५ असते. दोन सीटा, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन टनाच्या आसपास. या किड्यापायी मी दोन गाड्या घेतल्या. पहिली चुकली, दुसरी जमली. गेल्या वर्षभरात चौघांनी तरी "कुठली पिढी घेऊ रे?" म्हणून फोन केला, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

पिढ्या चार. १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये आली ती पहिली, एनए. दिवे लावले की बॉनेटमधून डोळे वर येतात ती हीच. १९९८ ची एनबी: डोळे गेले, पण मागे प्लास्टिकच्या जागी खरी काच आली. २००५ ची एनसी अंगाने भरली. २०१५ ची एनडी परत सडपातळ झाली. फोटो बघून सगळ्यांचा जीव एनएवर जडतो. माझाही जडला होता. बजेटमध्ये बसेना, म्हणून २००२ ची १.८ लिटरची एनबी घेतली, हिरवी, १९०० पौंडांना.

गाडी दिसायला झकास होती. विकणारे आजोबा सज्जन होते, त्यांनी काही लपवलं नाही. माती मीच खाल्ली. इथे तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी एमओटी ही तपासणी होते, आणि नुसता गाडीचा नंबर टाकला की तिचा जुना सगळा निकाल सरकारी साइटवर फुकट दिसतो. मी फक्त 'पास' हा शब्द बघितला. त्याखाली तपासनिसाने सलग तीन वर्षं लिहून ठेवलं होतं की गाडीच्या खालच्या बाजूला अंडरसीलचा, म्हणजे गंज रोखायच्या काळ्या लेपाचा, जाड थर आहे. त्याचा अर्थ साधा: या काळ्या डांबरामागे काय आहे ते मला दिसत नाही. पुढच्या एमओटीला वेगळ्या माणसाने स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो सरळ आत गेला. वेल्डिंगचे अकराशे पौंड.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण गाडी बघायला गेल्यावर तुमचा निम्मा वेळ इथेच जायला हवा. कापडी टपावरचं पावसाचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत उतरतं, तिथल्या भोकातून आणि पुढे नळीतून मागच्या चाकाच्या अलीकडे जमिनीवर पडतं. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानांचा लगदा ते भोक बुजवतो. पाणी तुंबतं, वाट चुकतं आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरतं. या पेटीला इथे सिल म्हणतात. ती आतून सडते, बाहेरून रंग शाबूत. बाहेरच्या बाजूने थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ आपलं काम करतंच. मी रत्नागिरीचा, खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे पोखरतात ते लहानपणापासून बघितलेलं. पण इथे समुद्र लॉरीतून येतो हे लक्षात यायला अकराशे पौंड लागले.

म्हणून एनए किंवा एनबी बघायला जाताना जुनी पँट घाला, एक लोहचुंबक रुमालात गुंडाळून घ्या आणि पाण्याची बाटली न्या. सिलचं मागचं टोक, चाकाच्या जरा पुढचं, बोटांनी खालून चाचपा. चुंबक तिथे धरत नसेल तर पत्र्याच्या जागी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मालकाला विचारून कोपऱ्यातल्या भोकात सावकाश पाणी ओता. दोन्हीकडून चाकापुढे धार पडली पाहिजे. सीटमागचं कार्पेट ओलं लागलं तर नमस्कार करून निघा. एनबीमध्ये पुढच्या चेसिसच्या पट्ट्याही सडतात, त्यामुळे ती एकदा गॅरेजमध्ये वर उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जपानहून आलेल्या एनए इथे पुष्कळ आहेत, युनोस रोडस्टर नावाच्या. तिकडेही आपल्यासारखंच उजव्या हाताचं स्टिअरिंग. "जपानी गाडी, गंज नाही" हे वाक्य हमखास ऐकाल. आली तेव्हा खरं असेल. पण वीस वर्षांपूर्वी आलेल्या गाडीने वीस इंग्लिश हिवाळे काढलेत. शिवाय जपानमधली वर्षं एमओटीच्या नोंदीत नसतात.

आता कागदाकडे. लंडनमध्ये २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं रोजचं शुल्क, सगळ्या बरोमध्ये (शहराच्या विभागांत) लागू आहे. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. बर्मिंगहॅमच्या मध्यभागी आठ पौंड. पेट्रोल गाडी साधारण युरो ४ या धुराच्या मानकाची लागते. एनए बहुधा अडकते, एनबीचं गाडीगणिक वेगळं, म्हणून नंबर टाकून आधीच तपासा. रोड टॅक्सची गंमत वेगळीच: १ मार्च २००१ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांचा टॅक्स इंजिनच्या आकारावर ठरतो आणि स्वस्त दराची हद्द १५४९ सीसी आहे. १.६ ची एमएक्स-५ म्हणजे १५९७. लहान इंजिन घेतलं म्हणून टॅक्स वाचला असं होत नाही.

इन्शुरन्सचा आकडा गाडी बघायला निघण्याआधी काढा, नंतर नव्हे. भारतातला नो-क्लेम इथल्या बऱ्याच कंपन्या धरत नाहीत. आणि गाडी जितकी जुनी तितके आधीच्या मालकांनी तिच्यावर केलेले प्रयोग जास्त: खाली बसवलेल्या स्प्रिंगा, बदललेला सायलेन्सर, बाहेरची चाकं. ते सगळं विमा कंपनीला सांगावं लागतं, आणि प्रीमियम चढतो. न सांगता ठेवलं आणि अपघात झाला, तर क्लेमवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

दुसऱ्या वेळी मी एनसी घेतली, २०१० ची, दोन लिटर, १६० हॉर्सपॉवर. एमएक्स-५ वाले हिला नाकं मुरडतात. जाडी आहे, चाकांच्या वर पोकळी दिसते, बसल्यावर वाटतं गाडीत नाही, गाडीवर बसलोय. सगळं मान्य. पण मी सहा फुटी माणूस आहे. एनबीत माझा गुडघा स्टिअरिंगला घासायचा, इथे घासत नाही. यूलेझचा प्रश्न नाही. पार्ट मिळतात. वळणावर मागचं चाक काय करतंय ते कमरेला कळतं, आणि गिअर मनगटाच्या झटक्याने पडतो. या दोन गोष्टींसाठीच तर ही गाडी घ्यायची. एक पथ्य मात्र कडक: ऑइल. दोन लिटरचं इंजिन ऑइल कमी झाल्यावर माफ करत नाही, कनेक्टिंग रॉडवर येतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, दर रविवारी बघायची. गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला न विचारता आधी डिपस्टिक ओढा. खालच्या खुणेजवळ ऑइल असेल तर त्या माणसाने गाडी कशी ठेवली ते कळलं.

एनडी मी सहकाऱ्याची चालवली आहे, १.५ ची. हलकी, चपळ, इंजिन वर न्यायला मजा येते. दोन लिटर हवी असेल तर २०१८ च्या बदलानंतरची बघा: १८४ हॉर्सपॉवर, आणि स्टिअरिंग पुढेमागे होतं, उंच माणसाला हा फरक मोठा. रोखीने परवडत असेल तर डोळे झाकून एनडी. कर्ज काढून मात्र नको. हौसेच्या गाडीचा हप्ता नोव्हेंबरातल्या पावसात फार बोचतो. आधीच्या मालकाचं कर्ज गाडीवर शिल्लक नाही ना, तेही पैसे भरून तपासून घ्या.

एनए? घराला गॅरेज असेल, रोजची दुसरी गाडी असेल आणि शनिवारी हात काळे करायची आवड असेल तर जरूर. पहिली म्हणून नको.

हे सगळं गेल्या महिन्यात नव्याने आलेल्या एका मित्राला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारी मला लाल एनए बघायला घेऊन गेला. मालकाने दिवे वर करून दाखवले, मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी ओल्या डांबरी अंगणात आडवा झालो. डावी सिल, चुंबक घट्ट. उजवी सिल, पुढे घट्ट, मध्ये घट्ट, चाकाजवळ चुंबक रुमालासकट माझ्या छातीवर पडला. मित्राने वाकून विचारलं, "थोडंसंच आहे ना?"