शेतात सापडलेली झिजलेली इंग्लिश पेनी ओळखताना या चुका टाळा

इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना कधी ना कधी मध्ययुगीन चांदीची पेनी सापडते. जेमतेम 18-19 मिलिमीटरची, पातळ, अर्धी अक्षरे पुसलेली. पहिली चूक लगेच होते: लोक चेहऱ्यावरून राजा ठरवू पाहतात. तो चेहरा कुणाचे खरे चित्र नव्हे, ठशातला ठरावीक मुकुटधारी राजा आहे. नावावरही भिस्त नको. 1180 ते 1247 या काळातल्या पेनींवर ‘हेन्रिकस’ (हेन्रीचे लॅटिन रूप) हेच नाव असते, रिचर्ड आणि जॉन यांच्या राजवटीतही तेच नाव चालू राहिले. साल तर शोधूच नका. इंग्लिश नाण्यांवर ते सोळाव्या शतकात आले.

आधी नाणे उलटा आणि क्रॉस पाहा. दुहेरी रेघांचा, अक्षरांच्या आतच थांबणारा क्रॉस असेल आणि प्रत्येक कोनात चार ठिपके असतील, तर काळ 1180 ते 1247. दुहेरी रेघा काठापर्यंत गेल्या असतील आणि ठिपके तीन असतील, तर 1247 ते 1279. काठ कातरून चांदी काढणाऱ्यांना चाप बसावा म्हणून क्रॉस लांबवला होता. क्रॉस एकाच भरीव रेघेचा, काठापर्यंत आणि तीन ठिपक्यांचा असेल, तर नाणे 1279 नंतरचे, म्हणजे पहिल्या एडवर्डच्या सुधारणेपासून पुढचे.

या शेवटच्या प्रकारात क्रॉसच्या भुजा मजकुराचे चार तुकडे करतात. लंडनच्या नाण्यावर ‘सीआयव्हीआय – टीएएस – एलओएन – डीओएन’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘लंडन शहर’. त्यामुळे एकाच कोनात ‘डीओएन’ वाचता आले तरी टाकसाळ लंडन. ‘टीओआर’ दिसले तर कँटरबरी. वरून फ्लॅश मारू नका. खोलीत अंधार करून एकच दिवा अगदी बाजूने धरा आणि नाणे हळूहळू फिरवा. मग उरलेसुरले उठाव सावलीने उमटतात. माझ्या मते भिंगापेक्षा हा उपाय जास्त कामाचा.

वजनाने काळ ठरवताना काठावरची अक्षरे पूर्ण आहेत का ते बघा. 1279 ची पेनी साधारण 1.4 ग्रॅमची, 1351 नंतरची 1.17, 1412 नंतरची एक ग्रॅमच्याही आतली. पण कातरलेली जुनी पेनी नव्या पेनीइतकीच भरू शकते.

पाव तुकडा ‘तुटका’ म्हणून फेकू नका. 1279 पूर्वी सुट्यासाठी पेनी क्रॉसच्या रेघेवर कापत. काटकोनात मिळणाऱ्या दोन सरळ कडा असतील तर तो फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

टूथपेस्ट, बेकिंग सोडा, ब्रश यांपैकी काहीही लावू नका. झिजलेल्या नाण्यावरची उरलेली अक्षरेही त्यात जातात. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, टिपून सुकवा, चोळू नका.

जमीनमालकाची परवानगी आधी घ्या आणि सापडल्याची नेमकी जागा लगेच टिपून ठेवा. एकटे नाणे सहसा ‘ट्रेझर’ (कायद्याने कळवावाच लागणारा ठेवा) ठरत नाही. पण 300 वर्षांहून जुनी, किमान 10 टक्के चांदी किंवा सोने असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच ठेव्यातली असतील, तर 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार 14 दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावे लागते. एकटे नाणेही पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या) स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा.