खिडकीचं हँडल हातात आलं तर

मागच्या जुलैत पाऊस आडवातिडवा येत होता म्हणून किचनची खिडकी लावायला गेले आणि हँडल हातात. म्हणजे अक्षरशः हातात, खिडकी तशीच उघडी, मी मुठीत ते पांढरं हँडल धरून उभी आणि पाणी सरळ ओट्यावर. ती रात्र खिडकीला ओढणी बांधून काढली. दुसऱ्या दिवशी एकाला फोन केला तर म्हणाला नुसतं यायचे पाचशे, हँडलचे वेगळे, आणि येणार चार दिवसांनी. मग म्हटलं बघू आपणच काय ते, आणि निघालं काय तर वीस मिनिटांचं काम. त्यानंतर सासरचं, माहेरचं आणि खालच्या काकूंचं धरून सात-आठ हँडलं बदलून झालीत, दोनदा चुकलेही, म्हणून लिहितेय.

आधी एक बघा, हँडल का तुटलं. उगीच तुटत नाही ते. खिडकी नीट लागत असेल तर दोन बोटांनी हँडल फिरतं. आपण जोर कधी लावतो, तर खिडकी खाली उतरलेली असते, ट्रॅकमध्ये माती भरलेली असते, बिजागरी ढिली झालेली असते, किंवा लाकूड पावसात फुगलेलं असतं. ते तसंच ठेवून नवीन हँडल लावलंत तर पुढच्या पावसाळ्यात परत हेच. मी बसवलेलं पहिलं हँडल असंच गेलं, आठ महिन्यांत. म्हणून खिडकी अर्धवट लोटून डोळे बारीक करून बघा, वरची फट आणि खालची फट सारखी आहे का. झडप खाली घासतेय असं दिसलं तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळा, मग हँडलचं बघू.

आता तुमची खिडकी कोणती त्यावर सगळं आहे. आपल्याकडे साधारण तीन-चार प्रकार सापडतात. नवीन बिल्डिंगमध्ये यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या, बाकी बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या, आणि जुन्या घरांत लाकडी किंवा लोखंडी.

यूपीव्हीसीवाल्यांनी नीट वाचा, कारण इथेच मापं लागतात. या हँडलच्या मागे एक चौकोनी दांडा असतो, तो खिडकीच्या आत बसवलेल्या गिअरबॉक्समध्ये जातो, हँडल फिरवलं की दांडा फिरतो आणि आतली पट्टी वरखाली सरकून खिडकी दोन-तीन ठिकाणी लॉक होते. स्क्रू दिसत नाहीत म्हणून लोक घाबरतात. हँडल आडवं करा, मग बुडाचं प्लास्टिकचं झाकण जरा बाहेर ओढून बाजूला फिरवा, खाली दोन स्क्रू दिसतील, एक वर एक खाली. काही हँडलांना झाकणाऐवजी स्क्रूवर छोटी टोपणं असतात, ती सुईने उचकटायची. स्क्रू काढले की हँडल सरळ बाहेर येतं, ओढाताण करायची गरजच नाही.

हँडल बाहेर आलं की तीन मापं घ्या. एक, दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, ते बहुतेक ४३ मिमी असतं. दोन, दांड्याची जाडी, ती बहुतेक ७ मिमी. तीन, आणि हेच सगळे विसरतात, दांड्याची लांबी, म्हणजे हँडलच्या बुडापासून टोकापर्यंत किती मिमी बाहेर येतो. मी पहिल्यांदा नुसता फोटो घेऊन दुकानात गेले, रंग जुळला, आकार जुळला, घरी आणून लावलं तर दांडा आखूड, हँडल मस्त गोल गोल फिरतंय आणि आत काहीच हलत नाहीये. लांब असला तर चालतो एकवेळ, हॅक्सॉ ब्लेडने कापता येतो, आखूड असला की गेला. सगळ्यात सोपं म्हणजे जुनं हँडलच पिशवीत टाकून न्या. हार्डवेअरवाले पहिला प्रश्न हाच विचारतात, जुनं आणलंय का ताई, आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा बघवत नाही. पुण्यात असाल तर बोहरी आळीत जा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, तिथे गल्लीतल्या दुकानापेक्षा भरपूर माल असतो. ऑनलाइनही मिळतं पण ते मापं पक्की असतील तरच.

आणखी एक, काही हँडलं सरळ नसतात, मान वाकडी असते, म्हणजे मूठ डावीकडे नाहीतर उजवीकडे झुकलेली. ती डावी-उजवी वेगळी येतात, चुकीची आणलीत तर मूठ काचेवर किंवा भिंतीवर आदळते.

विकत घ्यायच्या आधी अजून एक छोटी परीक्षा. त्या चौकोनी भोकात जुना दांडा, नाहीतर मापाचा चौकोनी तुकडा घाला आणि पक्कडीने हळूच फिरवा. पट्टी सरकली तर गिअरबॉक्स चांगला आहे, दोष हँडलचाच. फिरतंय पण पट्टी हलत नाही, किंवा भोक गोल झाल्यासारखं दिसतंय, तर हँडलवर पैसे घालू नका, गिअरबॉक्स गेलाय. खालच्या काकूंनी दोन हँडलं आणली आणि दोन्ही फुकट गेली, दोष आत होता. गिअरबॉक्स बदलायला आतली अख्खी पट्टी काढावी लागते, ते मात्र मी माणसाला बोलावून करून घेतलं, उगाच शहाणपणा नाही केला.

बसवताना उलट क्रम. गिअरबॉक्स ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत हँडल धरायचं, म्हणजे खिडकी उघडी असेल तर हँडल आडवं, बंद असेल तर खाली तोंड करून. दांडा भोकात, दोन्ही स्क्रू आधी हाताने चार-चार आटे, मग एकदा हा एकदा तो असं करत आवळायचे. स्क्रू जुन्याच लांबीचे घ्या. ड्रिल मशीनला बिट लावून घुर्रकन आवळू नका, आटे जातात, आणि फार आवळलं की हँडल जड फिरतं, मग आपण परत जोर लावतो आणि परत पहिल्या परिच्छेदात येतो.

आणि हे खरंच लक्षात ठेवा, नवीन हँडल लावलं की खिडकी उघडी ठेवूनच दोन-चारदा फिरवून बघा, पट्टीवरचे लॉक सरकतायत, परत जागेवर येतायत हे डोळ्यांनी बघा, मगच खिडकी लावा. घाईत लावून टाकलीत आणि लॉक आतमध्ये अडकला तर ती उघडायला जे काय करावं लागतं ते नको रे बाबा.

समजा तुटतानाच खिडकी बंद होती, मग काय? झाकण आणि स्क्रू काढा, हँडलचा उरलेला तुकडा बाजूला करा. दांडा आतच राहिला असेल तर पक्कडीने किंवा पान्याने पकडून फिरवा, उघडेल. दांडाही तुटून आत गेला असेल तर दुकानातून चौकोनी दांडा मागून आणायचा. झिजलेला स्क्रूड्रायव्हर ठोकून घालायचा मोह होतो, पण त्याने भोकाचे कोपरे मारले जातात आणि शंभर रुपयांचं काम हजारावर जातं.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीचं वेगळं आहे. तिथे हँडल आणि लॉक एकच असतं, ज्याला दुकानात टच लॉक म्हणतात, दाबलं की खट् आवाज येतो आणि हूक बाहेर येतो. हे बाजूच्या पट्टीत खाचेत बसवलेलं असतं, दोन स्क्रू काढले की बाहेर. माप घ्यायचं खाचेची लांबी-रुंदी आणि स्क्रूंमधलं अंतर. डोमल सेक्शनचं, म्हणजे नवीन जाड-रुंद अ‍ॅल्युमिनियम पट्टीचं, लॉक जुन्या बारीक सेक्शनला बसत नाही, म्हणून इथेही जुनं घेऊन जा. पण लॉक घ्यायच्या आधी झडप उचलून बघा जरा. सरकत्या खिडकीत बऱ्याचदा लॉक बरं असतं, खालचं बेअरिंग, म्हणजे झडप ज्यावर सरकते ते चाक, झिजून झडप बसलेली असते, त्यामुळे हूक समोरच्या खाचेपर्यंत पोचतच नाही. ट्रॅक जुन्या टूथब्रशने साफ करा, व्हॅक्युम असेल तर मारा. बऱ्याच खिडक्यांत झडपेच्या बाजूला अगदी खाली एक भोक असतं, त्यातला स्क्रू फिरवला की बेअरिंग वरखाली होतं आणि झडप उचलली जाते. आमच्या बेडरूमचं लॉक खराब आहे म्हणून नवरा वर्षभर ओरडत होता, ते अर्ध्या फेऱ्यात लागलं.

तिथले स्क्रू मात्र त्रास देतात. साधा लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये बसला की पावसाच्या ओलाव्याने पांढरी भुकटी धरते आणि घट्ट चिकटतो. गंज सोडवायचं तेल, डब्ल्यूडी-४० वगैरे, रात्रभर सोडून ठेवा, सकाळी स्क्रूड्रायव्हर लावून मागून हातोडीने दोन टिचक्या मारा, आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. डोकं झिजलं असेल तर मध्ये रबरबँड ठेवून दाबून फिरवा, कधीकधी निघतो. नाहीच निघाला तर ड्रिलने डोकं उडवायचं, चष्मा घालून. काही ठिकाणी स्क्रूऐवजी रिव्हेट असतात, तेही ड्रिलनेच काढायचे. नवीन स्क्रू घेताना स्टेनलेसचेच घ्या, ३०४ ग्रेडचे मागा, आणि समुद्राजवळ, म्हणजे रत्नागिरी-मालवण किंवा मुंबईत अगदी किनाऱ्यावर राहत असाल तर ३१६ मिळाले तर बघा, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतात.

माहेरी डोंबिवलीला लाकडी खिडक्या आहेत, मूठ, वरखाली स्टॉपर आणि एक हूक, बस. तिथे मूठ तुटत नाही, स्क्रूची भोकं मोठी होतात आणि मूठ लोंबायला लागते. नवीन मूठ आणून त्याच भोकात लावली तर ती पण लोंबणार. भोकात फेव्हिकॉल घाला, दोन-तीन काडेपेटीच्या काड्या, गूल काढून, ठोकून बसवा, वरून जादाचं कापून टाका आणि एक दिवस हात लावू नका. मग त्यात स्क्रू असा बसतो की विचारू नका. नवीन जागी स्क्रू लावायचा झाला तर आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून घ्या नाहीतर जुनं सागवान तडकतं. आणि पावसात झडप अडकते म्हणून रंधा मारायची घाई करू नका, बाबांनी मारला होता, डिसेंबरात एवढी फट पडली की पेपर घडी करून कोंबावा लागला.

लोखंडी खिडक्यांची पितळी हँडलं, जुन्या सोसायट्यांत असतात ती, शक्यतो टाकूच नका. त्यांच्यावर रंगाचे पाच-सहा थर असतात म्हणून ती फिरत नाहीत. रंग खरवडा, स्क्रूच्या खाचेतला पण, तेल सोडा, निम्मी जिवंत होतात. त्या वजनाचं पितळ आता नवीन घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील.

बाथरूमच्या छोट्या खिडकीला ते चोचीसारखं हँडल असतं ना, फिरवलं की चोच चौकटीवर बसते, त्यात डावं-उजवं आणि चोच चौकटीपासून किती उंच आहे ते माप बघा. बाकी दोन स्क्रू, विषय संपला.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्क्रूड्रायव्हरला सुतळी बांधून दुसरं टोक मनगटाला बांधा. हसू नका. माझा एक स्क्रू तिसऱ्या मजल्यावरून काकूंच्या तुळशीच्या कुंडीत पडला, स्क्रू होता म्हणून ठीक, स्क्रूड्रायव्हर असता आणि खाली कोणी असतं तर? ग्रिल नसेल तर बाहेर वाकून काही करायचं नाही, जे आतून होत नाही ते माणसाला बोलावून. पोरांना दुसऱ्या खोलीत, खिडकीखाली एक जुनी चादर, म्हणजे पडलेले स्क्रू सोफ्याखाली जात नाहीत. सरकती झडप ट्रॅकमधून उचलून काढायची वेळ आली तर दोघंजण लागतात, काच दिसते त्यापेक्षा फार जड असते.

खर्चाचं म्हणाल तर मला यूपीव्हीसीचं हँडल साडेतीनशेला पडलं, टच लॉक शे-दीडशेत, काड्या आणि फेव्हिकॉल घरातलेच. एक जास्तीचं हँडल घेऊन ठेवलंय, कारण घरातल्या सगळ्या खिडक्या एकाच वेळी बसवलेल्या, एक गेलं म्हणजे बाकीची रांगेत आहेत. त्याच्या पाकिटावर मार्करने ४३, ७ आणि दांड्याची लांबी लिहून माळ्यावरच्या डब्यात टाकलंय. परवा हॉलचं हँडल जरा जड लागलं, आधी बिजागरीचे स्क्रू आवळले, पट्टीला सिलिकॉन स्प्रे मारला. पाकीट अजून फोडलेलं नाही.