पीटीच्या तासाला कुणी कडेला बसून राहू नये म्हणून

पहिली चूक होते ती टीम पाडताना. दोन कॅप्टन उभे करायचे, त्यांनी एकेक पोरगं उचलायचं, आणि शेवटी जे उरतं त्याचं तोंड बघा एकदा. मी ते बंदच केलं, आता टीम मीच पाडतो, चिठ्ठ्या टाकून, आणि दर आठवड्याला बदलतो.

खो-खोच घ्या. ८ जण बसलेले, एक पळणारा, पण होतं काय की चपळ तीन-चार पोरं एकमेकांनाच खो देत राहतात आणि बाकीचे उन्हात नुसते बसून. म्हणून आमच्याकडं नियम आहे, सगळ्यांना एकेकदा खो मिळाल्याशिवाय त्याच पोराला परत नाही. डाव ३ मिनिटांचाच ठेवा म्हणजे दमणारं पोरगंही टिकतं, आणि ज्याला खाली बसून उठणं जमत नाही त्यानं चौकोनात उभं राहायचं.

माझ्या वर्गात एका मुलीला ऐकू येत नाही. खो पाठीला हात लावून आणि तोंडानं, असा दोन्हीनं द्यायचा असतो, तिला नुसती थाप पुरते. पण मागून अचानक थाप बसली की ती दचकायची, मग पोरांनीच ठरवलं, उजव्या खांद्याखाली दोनदा. त्या दिवशी ती उठली ती सरळ खांबाला वळसा घालून गडी बाद करूनच थांबली! शिट्टीबरोबर मी लाल रुमालही हलवतो.

पाय अधू असलेलं पोरगं असेल तर बसून व्हॉलीबॉल खेळवा, पण सगळ्या वर्गालाच बसवा, त्याला एकट्याला नाही. हा पॅरालिम्पिकमधला खेळ आहे, पुरुषांची जाळी १.१५ मीटर, बायकांची १.०५. शाळेत दोरी बांधली तरी चालतं, बॉल हलका प्लॅस्टिकचा घ्या, खाली जुने टॉवेल, ते सोलापुरात कुणाच्या घरात नाहीत? बॉल मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही एवढंच बघा. नजर कमी असेल तर घुंगरू घातलेला बॉल जमिनीवरून घरंगळत द्या.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, त्यामुळं नियम तोंडी सांगत बसू नका, एक डाव खेळूनच दाखवा. आणि मार्च लागला की पहिल्याच तासाला मैदान गाठा, सोलापूरचं ऊन दहानंतर कुणालाच खेळू देत नाही.

नियम बदलायच्या आधी त्या पोराला बाजूला घेऊन विचारा, तुला कसं खेळायचंय? सगळ्यांसमोर नको, समोर विचारलं की ते "नको सर, मी बसतो" एवढंच म्हणतं.