शंभर-शंभरच्या पट्ट्यांत मूळ संख्या कशा मोजाव्यात

मूळ संख्या वाट्टेल तशा, फासे टाकल्यासारख्या विखुरलेल्या असतात, असं सर्रास सांगितलं जातं. हे विधान वही-पेन्सिलीने तपासता येतं, आणि शंभर-शंभरच्या पट्ट्यांत ते टिकत नाही. कसं तपासायचं ते सांगते.

सुरुवात १०,००० पासून करा. पहिल्या हजारात १६८ मूळ संख्या आहेत, दुसऱ्यात १३५, दहाव्यात ११२. म्हणजे सुरुवातीची गर्दी इथवर ओसरलेली असते. शिवाय इथे चाळणीसाठी, म्हणजे लहान मूळ संख्यांच्या पटी खोडत जाण्यासाठी, १०० च्या आतल्या २५ मूळ संख्या पुरतात.

मोजण्याआधी अंदाज लिहून ठेवा, तोही पेनाने. क्ष या संख्येच्या आसपास साधारण दर 'लॉग क्ष' संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते. हा लॉग नैसर्गिक. दहाच्या पायाचा असेल तर त्याला २.३०२६ ने गुणा. १०,००० साठी ४ × २.३०२६ म्हणजे ९.२१. शंभराला त्याने भागलं की १०.८६. गाऊसने १७९२-९३ च्या सुमारास, पोरवयातच, मूळ संख्यांच्या कोष्टकांवरून हा नियम ताडला. सिद्ध व्हायला मात्र १८९६ उजाडलं. आदामार आणि द ला व्हाले पूसाँ या दोन गणितज्ञांनी ते स्वतंत्रपणे केलं. एक लक्षात ठेवा: ते प्रमेय १ पासून क्षपर्यंतच्या एकूण मोजणीबद्दल आहे. तुमच्या एका शतकाची, म्हणजे शंभर संख्यांच्या एका पट्ट्याची, हमी ते देत नाही, म्हणून तर मोजायचं.

चौकटीच्या वहीत १०,००१ ते १०,०९९ पर्यंतच्या फक्त विषम संख्या लिहा, एका ओळीत दहा, अशा पाच ओळी. दहाच का? कारण मग ५ ने भाग जाणाऱ्या संख्या तिसऱ्या आणि आठव्या स्तंभात उभ्या रांगेत येतात आणि दोन रेघांत निकालात निघतात. बाकीच्या मूळ संख्यांसाठी पहिलं घर, म्हणजे वहीतली त्यांची पहिली पट, शोधावं लागतं. १०,००० ला त्या मूळ संख्येने भागा, बाकी काढा, आणि जेवढं कमी पडतं तेवढं १०,००० मध्ये मिळवा. उत्तर सम आलं तर ती मूळ संख्या आणखी एकदा मिळवा. २३ चं उदाहरण घ्या: बाकी १८, कमी पडतात ५, म्हणून पहिलं घर १०,००५. ११ चं: बाकी १, कमी पडतात १०, पण १०,०१० सम, म्हणून १०,०२१. तिथून पुढे तेवढीच घरं मोजत जायचं: ११ साठी दर अकरावं घर, २३ साठी दर तेविसावं. वहीत फक्त विषम संख्या असल्यामुळे हे सोयीने जमतं.

नुसती काट मारू नका. ज्या मूळ संख्येने ते घर पहिल्यांदा उडवलं, ती घरात बारीक अक्षरात लिहा. सगळी गंमत त्या बारीक आकड्यांत आहे.

२, ३ आणि ५ ने चाळल्यावर २८ संख्या उरतात. त्यांतल्या चार ७ उडवतो: १०,००३, १०,०३१, १०,०७३ आणि १०,०८७. मग ११ दोन, १३ एक, १७ दोन, आणि पुढे १९, २३, २९, ३७, ४३, ७३, ७९, ८९ हे प्रत्येकी एक. ३१, ४१, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ८३ आणि ९७ यांच्या वाट्याला नवीन काहीच येत नाही; ६७ आणि ९७ ला तर या वहीत एकही घर नाही. म्हणून शेवटी शेवटी कंटाळा येतो आणि हात थांबतो. थांबू नका. १०,००१ म्हणजे ७३ × १३७, १०,०३३ म्हणजे ७९ × १२७, आणि १०,०५७ म्हणजे ८९ × ११३. पन्नासवर चाळणी सोडली तर हे तिघे मूळ संख्या म्हणून मिरवतील. वर्गमूळापर्यंत जायचंच.

उरतात अकरा: १०,००७, १०,००९, १०,०३७, १०,०३९, १०,०६१, १०,०६७, १०,०६९, १०,०७९, १०,०९१, १०,०९३, १०,०९९. अंदाज १०.८६ चा होता. एवढ्यावर खूश होऊ नका; एका शतकावरून काहीच कळत नाही.

पुढची नऊ शतकंही अशीच चाळा. १०,२०१ हा १०१ चा वर्ग, तिथून चाळणीत १०१ घ्या. १०,६०९ पासून १०३. दहा शतकांचे आकडे असे येतात: ११, १२, १०, १२, १०, ८, १२, ११, १०, १०. बेरीज १०६. तुमची बेरीज वेगळी आली तर ज्या शतकात फरक दिसतो तिथली बारीक अक्षरं पुन्हा तपासा. बहुतेक वेळा पहिलं घरच चुकलेलं असतं.

आता हे आकडे फाशांशी ताडून पाहा. प्रत्येक संख्या ९.२१ त एक अशा शक्यतेने, एकमेकींशी संबंध न ठेवता मूळ ठरत असती, तर शतकामागच्या मोजणीचं प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) ९.७ च्या आसपास, म्हणजे प्रमाण विचलन (प्रचरणाचं वर्गमूळ) तीनच्या थोडं वर आलं असतं. एखादं शतक ६ चं, एखादं १५ चं दिसलं असतं. तुमच्या दहा आकड्यांचं प्रचरण काढा: १.४४. दहाच आकडे आहेत, तेव्हा या १.४४ वर फार भार टाकू नका, पण तफावत योगायोगाने समजावण्यापलीकडची आहे.

कारण वहीतच आहे. २, ३ आणि ५ ने चाळलं की सलग तीस संख्यांत नेमक्या आठ उरतात, कुठूनही सुरू करा. म्हणून शंभरांत २६, २७ किंवा २८ एवढंच शक्य असतं. लहान मूळ संख्या आपला वाटा प्रत्येक शतकातून जवळपास सारखाच घेतात, तिथे नशिबाला जागाच नाही. चढउतार होतो तो मोठ्या मूळ संख्यांमुळे, ज्यांचं घर पट्ट्यात पडेलच असं नसतं. माँटगोमेरी आणि सौंदरराजन या गणितज्ञांनी २००४ मध्ये मूळ संख्यांच्या जोड्या-त्रिकुटांबद्दलची एक अटकळ गृहीत धरून हेच नेमकेपणाने मांडलं: पट्टा जसजसा लांब होतो, तसतसा चढउतार फाशांच्या हिशेबापेक्षा कमी पडत जातो.

उलट पट्टा खूप आखूड, म्हणजे लॉग क्षच्या बरोबरीचा घेतला, की फासे परत येतात. एक लाख कोटीच्या आसपास लॉग २७.६ आहे. तिथे २८-२८ संख्यांचे पट्टे पाडून त्यांतले किती पूर्ण रिकामे निघतात ते मोजा. गॅलाघरने १९७६ मध्ये तसल्याच अटकळीवरून दाखवलं की हे प्रमाण शेवटी ३७ टक्क्यांकडे जायला हवं. मात्र ते फार सावकाश जातं, तेव्हा पहिल्याच मोजणीत ३७ ची वाट पाहू नका.

रिकामं शतक हवं असेल तर १६,७१,८०० वर जा. एकही मूळ संख्या नसलेलं हे पहिलं शतक. त्याच्या अलीकडची मूळ संख्या १६,७१,७८१ आणि पलीकडची १६,७१,९०७. इथे लॉग १४.३ आहे, म्हणजे अंदाजाने सात हव्या होत्या.

एवढ्या वर हाताने चाळणं हा छळ आहे, संगणकच लावा. पद्धत तीच, फक्त १ पासूनची सगळी यादी करायची नाही. पट्ट्यापुरती रांग ठेवायची आणि प्रत्येक मूळ संख्येचं पहिलं घर बाकीवरून काढायचं. शंभर कोटीच्या पुढच्या हजार संख्यांसाठी ३१,६२२ पर्यंतच्या ३,४०१ मूळ संख्या पुरतात, आणि यादीत सुरुवातीलाच १,००,००,००,००७ आणि १,००,००,००,००९ ही जोडी भेटते. एकावर अठरा शून्यांपाशी मात्र हा मार्ग सोडा. तिथे चाळणीला पाच कोटींहून अधिक मूळ संख्या लागतील आणि बहुतेकांचं पट्ट्यात एकही घर नसेल. लहान मूळ संख्यांनी चाळून घ्या आणि उरलेल्यांवर मिलर-राबिन कसोटी लावा; ती अवयव न शोधता, 'पाये' म्हणून निवडलेल्या काही संख्यांच्या मदतीने मूळपणा तपासते. या आकारासाठी २ ते ३७ या बारा मूळ संख्या पाये म्हणून घेतल्या की उत्तर खात्रीचं असतं, 'बहुधा मूळ' नव्हे.

सिद्ध काय झालंय, हेही लगे हाथ पाहून घ्या. तुमची पहिली दोन शतकं म्हणजे जवळजवळ १०० च्या वर्गापासून १०१ च्या वर्गापर्यंतचा पट्टा, त्यात २३ मूळ संख्या. लागोपाठच्या कुठल्याही दोन वर्गांमध्ये निदान एक तरी मूळ संख्या असते, ही लेजाँद्रची अटकळ अजून सिद्ध नाही. त्यासाठी पट्ट्याची लांबी क्षच्या ०.५ व्या घाताएवढी चालायला हवी. बेकर, हारमन आणि पिंट्झ २००१ मध्ये ०.५२५ पर्यंत आले, तेही पुरेशा मोठ्या क्षसाठी. आणि लॉगच्या कुठल्याही ठरावीक घाताएवढे, म्हणजे त्याहून कितीतरी आखूड पट्टे घेतले, तर मायरने १९८५ मध्ये दाखवलं की अपेक्षेपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त मूळ संख्या असलेले पट्टे कधीच संपत नाहीत, आणि तसेच कमी असलेलेही. क्रामेरने १९३६ मध्ये मांडलेल्या फाशांच्या प्रतिकृतीत हे बसत नाही. मायरची युक्तीही चाळणीचीच आहे: लहान मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या पटींपाशी पट्टा नेऊन ठेवायचा, म्हणजे त्यांचा वाटा मुद्दाम जास्त किंवा कमी करता येतो. ३० च्या पटीपासून सुरू होणारे आणि १० ने पुढे सरकवलेले दहा-दहाचे पट्टे वेगवेगळे मोजून पाहा. पहिल्यात चाळणीनंतर दोनच जागा उरतात, दुसऱ्यात चार.