संमोहन ‘लागत नाही’? या चुका टाळा

“सगळं ऐकू येत होतं, म्हणजे मी संमोहनात गेलोच नाही.” पहिल्या सत्रानंतर सर्वांत जास्त कानावर पडणारी तक्रार ही. बहुतेक वेळा ती चुकीची असते. संमोहनात माणूस झोपत नाही. ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखात, झोपेचा नमुना दिसत नाही, पंख्याची घरघर ऐकू येते, खाली भाजीवाला ओरडला तर तेही कळतं. फरक इतकाच, की लक्ष एका जागी एकवटतं, बाकीचं मागे सरकतं आणि सांगितलेल्या कल्पनेला शरीर नेहमीपेक्षा लवकर साथ देतं. याच अवस्थेला ट्रान्स म्हणतात. शुद्ध हरपण्याची वाट बघत बसलेला माणूस आत गेलेला असूनही स्वतःला नापास करतो.

म्हणून सत्रानंतर “झोप लागली का?” असं विचारू नका. “किती वेळ गेला असं वाटतं?” असं विचारा. पंचवीस मिनिटं झाली असताना समोरचा “दहा असतील” म्हणाला, तर ती चांगली खूण आहे. हात जड वाटले, गिळणं मंदावलं, पापण्या थरथरल्या, या खुणाही पुरेशा आहेत.

ताकद कुणाची?

ही चूक शिकवणारे आणि शिकणारे दोघंही करतात. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे: आडव्या पडलेल्या स्त्रीवर हात रोखून उभा असलेला उंच पुरुष. तो पाहून कुणालाही वाटेल, की त्या हातांतून काहीतरी बाहेर पडतंय. फारियांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. 1756 साली बार्देशातल्या कांदोळीत जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने पॅरिसमध्ये मेस्मर या डॉक्टरच्या ‘प्राणी चुंबकत्वा’च्या कल्पनेला, म्हणजे करणाऱ्याकडून समोरच्यात अदृश्य शक्ती जाते या समजुतीला, विरोध केला. संमोहन करणाऱ्याकडून काहीही जात नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, असं त्यांनी मांडलं. 1819 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे ‘नजरेची ताकद’ आणि ‘वशीकरण’ यांच्या जाहिराती चालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. सत्र फसलं तर आवाज खोल करू नका, डोळे वटारू नका. समोरच्याला काय वाटतंय ते विचारा. त्याला भीती असेल, की आपण गुपितं बोलून जाऊ किंवा आपल्यावर ताबा घेतला जाईल, तर कुठलंही इंडक्शन, म्हणजे ट्रान्समध्ये नेण्याची पद्धत, चालणार नाही. सुरुवातीची दहा मिनिटं या गप्पांना द्या. घाईत हाच भाग सर्वांत आधी गाळला जातो आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच येतात.

सगळे सारखे प्रतिसाद देत नाहीत, हेही मान्य करा. कोण संमोहनाला किती प्रतिसाद देतो हे मोजणाऱ्या 1959 च्या स्टॅनफर्ड मोजपट्टीत बारा कसोट्या आहेत. बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात येतात, थोडे फार लवकर प्रतिसाद देतात, थोडे जवळजवळ देतच नाहीत. स्टेजवरचा कलाकार आधी छोट्या चाचण्या घेऊन त्या लवकर प्रतिसाद देणाऱ्यांनाच वर बोलावतो. गॅदरिंगमध्ये पाहिलेलं घरी भावावर करून बघायला गेलात तर जमणार नाही. आणि करूही नये.

सैल व्हायचा आटापिटा

“आता मी सैल होणारच” असं म्हणून दात आवळून बसणारे खूप असतात. त्यांच्यासाठी जेकबसन यांची पद्धत बरी. मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा. मग खांदे, मग कपाळ. आधी ताण दिला की ढिलेपणा कळतो.

तरीही काहींना सैल होतानाच छातीत धडधडतं, ताबा सुटल्यासारखं वाटतं. तिथे “अजून सैल व्हा” म्हणणं म्हणजे त्रास वाढवणं. डोळे उघडे ठेवू द्या, पाय जमिनीवर टेकवू द्या, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायला सांगा. ट्रान्ससाठी शरीर ढिलं पडावंच लागतं असं नाही. 1976 मध्ये बान्याई आणि हिल्गार्ड या संशोधकांनी व्यायामाची सायकल चालवणाऱ्यांना उत्साहाच्या सूचना देऊनही संमोहनाचा तसाच प्रतिसाद मिळवला होता.

मन सारखं भरकटत असेल तर फ्रॅक्शनेशन करून पाहा. डोळे मिटवायचे, थोडं थांबायचं, उघडायचे, पुन्हा मिटायचे. तीन-चार फेऱ्यांत बरेच जण आधीपेक्षा खोल जातात.

डीपनिंगसाठी, म्हणजे ट्रान्स आणखी खोल करण्यासाठी, जिना उतरण्याचं किंवा समुद्रकिनाऱ्याचं चित्र सर्रास वापरतात. ज्याला जिन्याची भीती आहे किंवा ज्याच्या घरातलं कुणी पाण्यात बुडून गेलं आहे, त्याचं काय होईल? आधी विचारा. दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजणं सर्वांत निर्धोक.

आणखी एक: पहिल्याच सत्रात “तुमचे हात चिकटलेत, सुटणार नाहीत” असं आव्हान देऊ नका. हात सुटले की विश्वासही सुटतो. “हात जड होतोय, जेवढा जड होईल तेवढा होऊ दे” इथून सुरुवात करा.

सूचना: इथेच बहुतेकांचं बिनसतं

इंडक्शनवर तासभर घालवून सूचना मात्र ऐनवेळी सुचेल तशी दिली जाते. खरं काम सूचनेचं असतं.

“मी परीक्षेत घाबरणार नाही.” यात भीतीचंच चित्र आधी उभं राहतं. “मी यशस्वी होईन” हे इतकं मोघम आहे, की शरीराला नेमकं काय करायचं ते कळतच नाही. त्याऐवजी: “प्रश्नपत्रिका हातात आली की मी एक लांब श्वास सोडतो, खांदे खाली येतात आणि मी पहिला सोपा प्रश्न शोधतो.” यात खूण आहे, कृती आहे, क्रम आहे. पोस्ट-हिप्नॉटिक सजेशन म्हणजे हेच. सत्रात बांधलेली गाठ पुढे खऱ्या प्रसंगात उपयोगी पडते. खूण मात्र हमखास येणारी निवडा. “मन अस्वस्थ झालं की” ही खूण नव्हे, “दाराच्या कडीला हात लागला की” ही खूण.

एका सत्रात एकच विषय घ्या. वजन, झोप, इंग्रजी बोलणं आणि सासूबाईंशी होणारे वाद असं सगळं एकाच रेकॉर्डिंगमध्ये कोंबलं तर काहीच रुजत नाही.

भाषेचंही तसंच. बाजारातल्या बऱ्याच ऑडिओंमध्ये “आपले गात्र शिथिल होत आहे” अशी वाक्यं असतात. ज्या बोलीत तुम्ही रागावता, त्या बोलीत सूचना द्या. वऱ्हाडी माणसाला वऱ्हाडीतलं, मालवणी माणसाला मालवणीतलं लवकर पोचतं. स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करत असाल तर वाक्यांमध्ये रिकामी जागा सोडा. बहुतेकजण बातम्या वाचल्यासारखं धावतात. ऐकताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि खुर्चीत बसा. पलंगावर आडवं झालात तर झोप लागेल. झोपच हवी असेल तर उत्तम, नाहीतर सराव वाया.

बाहेर येताना

“हात जड झालाय” अशी सूचना दिली असेल तर “हात पुन्हा नेहमीसारखा हलका” असं स्पष्ट सांगून ती मागे घ्या. मग एक ते पाच सावकाश मोजा, बोटं हलवायला सांगा, पाणी द्या. घाईत उठवलं तर डोकं जड होतं, चक्कर येते. पूर्ण ताजंतवानं वाटल्याशिवाय स्कूटर काढू नका. गाडी चालवताना असले ऑडिओ कधीच ऐकू नका.

कुणी डोळे उघडत नसेल तर दचकू नका. संमोहनात कुणी अडकून राहत नाही. माणूस आराम घेत असतो किंवा त्याला झोप लागलेली असते. शांतपणे कारण विचारा, वेळ द्या, पुन्हा मोजा. अचानक रडू फुटलं तर हलवून जागं करू नका आणि “काय दिसतंय, अजून आत जा” असंही म्हणू नका. “तुम्ही आत्ता या खोलीत आहात, सुरक्षित आहात” एवढं सांगत राहा.

आठवणी उकरू नका

या चुकीबद्दल मी सर्वांत कडक आहे. एज रिग्रेशन करून, म्हणजे संमोहनात माणसाला मागच्या वयात नेऊन, बालपणीचा प्रसंग ‘जसाच्या तसा’ मिळतो, हरवलेलं मंगळसूत्र कुठे ठेवलं ते आठवतं, मागचा जन्म दिसतो, असे दावे केले जातात. स्मृती म्हणजे साठवलेलं चित्रीकरण नव्हे; आठवताना मन ती पुन्हा रचतं. संमोहनात कल्पना जिवंत होते, त्यामुळे रचलेलं खरं वाटू लागतं आणि त्यावरचा विश्वास घट्ट होतो. अशा ‘आठवणी’वरून घरातल्या माणसावर आरोप झाला तर तो परत घेता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये संमोहित केलेल्या साक्षीदाराची त्या घटनेबद्दलची साक्ष नाकारली, ती याच धोक्यामुळे. ‘मागच्या जन्मातलं पाप’ सापडलं म्हणून आजच्या दुखण्याचं औषध बंद करायला सांगणाऱ्याकडून तिथल्या तिथे उठून या.

आधी निदान

1845 मध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या शल्यचिकित्सकाने मेस्मरी पद्धतीने बधिरता आणून शस्त्रक्रिया केल्या. वेदना कमी होऊ शकते, हे तेव्हापासून माहीत आहे. पण एस्डेलला काय कापायचं ते माहीत होतं. तुमची डोकेदुखी कशाची आहे हे न कळता ती दाबून टाकली तर आजार आत वाढत राहील. आतड्यांच्या आयबीएस या त्रासात संमोहनाचा उपयोग होतो. मँचेस्टरचा त्यावरचा अभ्यास 1984 चा आहे. तोही निदान झालेल्या रुग्णांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

भास होणं, तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, फिट्स यांपैकी काही असेल तर स्वसंमोहन करत बसू नका, मनोविकारतज्ज्ञाकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. उपचार घेताना समोरच्याला त्याची पदवी विचारा. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असेल तर ते पुरेसं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं सांगत असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागा. खरा तज्ज्ञ तो न रागावता देतो.